फक्त कुरळे

परवान्याच्या रांगेत एका आजींच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या हातात नव्या सलूनचा अर्ज होता.

"अगं, 'फक्त कुरळे केस' काय लिहितेस? सगळेच लिही. आलेलं गिऱ्हाईक दारातून परत घालवणार आहेस का?"

"सरळ केसांसाठी गल्लोगल्ली दुकानं आहेत, आई. आपले केस कुणाला कापता येतात?"

"मी नव्हते का कापत तुझे?"

"ओले करून कापायचीस! वाळले की बटा टुणकन वर. शाळेच्या फोटोत माझ्या कपाळावर नुसतं घरटं बसलंय."

"दोन दिवस रडत होतीस."

"म्हणून तर मी कोरडेच कापते. एकेक बट कुठे वळते ते बघून."

"मला कुणी सांगितलंच नाही गं तेव्हा."

"तुला कोण सांगणार? तू स्वतः जन्मभर अंबाडाच घट्ट बांधलास."

आजींचा हात नकळत आपल्या अंबाड्याकडे गेला.

"पुढचे या," खिडकीतून कारकून म्हणाला. "व्यवसाय कसला?"

लेकीच्या आधी आईच बोलली, "सलून. फक्त कुरळ्या केसांचं. आणि पहिलं गिऱ्हाईक मी."

"मग दुसरा नंबर माझा," आजी मागून म्हणाल्या. "रांगेत आहेच मी."