रिकाम्या पट्ट्या

नाई जी मॅडम, मी पागल नाई. डॉक्टरसाहेबांनं मले तुमच्याकडं काऊन धाडलं, तेच समजून नाई राहिलं — पाठ दुखते माझी, डोकं नाई. तिकडं आमच्या गावच्या चुन्नीलालनं पाहिलं मले या दारासमोर बसलेलं, आता साऱ्या गावात सांगन तो, हुकुमचंद मानसिकच्या लाइनीत बसते म्हणून. विचारा, विचारा. झोप? येते. नाई येत. दोन साल झाले जी, धानाच्या बांधीत चिखलणी करता करता ट्रॅक्टर उलटला, तवापासून मणक्यात कोणी खिळे ठोकून राहिलं असं वाटते — बस, तेवढंच. मॉर्फिनची गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. घेतो न जी, काऊन नाई घेत! ह्या पाहा पट्ट्या, साऱ्या रिकाम्या. दारू? कधीच नाई. तंबाखू व्हता, पडलो त्याच दिवशी सोडला.

मंग दिवसभर कण्हता काऊन — हे रवितानं सांगितलं असन. बायको माझी, बाहेर बसली हाये. लय बोलते ते. मले उठवते, आंग धुवून देते, मंग लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याले जाते, परत येऊन पुन्हा मलेच उचलते. खांदा गेला तिचा. मले दिसते न! लाज वाटते मले, मॅडम. तिचा भाऊ म्हणते माहेरी चाल, तं नवरा जिता हाये तोवर जात नाई म्हणते. म्हणून म्हटलं, दुखू दे, सकाळचीच घ्यायची अन् संध्याकाळची —

काई नाई. दोन्ही घेतो. कायले लिहून राहिल्या? ठेवा तो पेन. चाललो मी. तेवढी कुबडी द्या इकडं —

आवाज? कायचा आवाज? डबी हाये खिशात. तंबाखूची.

अशा काऊन पाहून राहिल्या?

हो, सोडला म्हटलं. म्हटलं न! दार नका उघडू, मॅडम, पाया पडतो — रविताले नका बोलावू. संध्याकाळी ते पाणी आणते, मी पितो, गोळी मुठीतच राहते. चार महिने झाले. गोळी घेऊनबी दुखते म्हणून ते देवाले कोसते, अन् मी ऐकत बसतो. आता डबी भरत आली. आज यायचंच नव्हतं मले, तिनंच ओढत आणलं. आज ते रोवण्याले गेली असती, मंग मी...

हात कायले पुढं करून राहिल्या?

घ्या. घ्या म्हटलं न.

राहू द्या ते कुबडी. बसतो मी.