घरातून गेलेला शब्द

...आणि तुम्हाला सांगते, ताप आला ह्यांना आणि बोबडी वळली आमच्या सगळ्यांची! लग्नाला जेमतेम अडीच महिने झालेले, त्यात ही साथ, त्यात हे मागच्या खोलीत कोंडलेले. मी दाराबाहेर ताट ठेवायचं आणि पळायचं! मी मुळात बोलतच नाही हो, घरात नवी ना... ऐकते. आणि ऐकण्यासारख्या होत्या आमच्या सासूबाई! मेला पंखा, मेलं दूध उतू गेलं, ह्या मेल्या कात्रीला धारच नाही... पण लेकाचा रिपोर्ट आला आणि तो शब्द जो घरातून गेला, तो गेलाच! परवा दूध उतू गेलं, तर म्हणतात कशा, "असू दे गं, बिचारं!" दुधाला बिचारं! सासरे म्हणायला गेले, "उकाड्याने जीव..." आणि थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, "जीव... मस्त आहे अगदी!" आता हसायचं की रडायचं? जाऊ दे, मी बोलतच नाही.

नवव्या दिवशी सकाळचं ताट तसंच! मी टकटक केली. "अहो..." काही नाही. "अहो, ऐकलंत का?" मागे सासरे उभे, ओरडणार कशी? पुन्हा टकटक. चिडीचूप! आदल्या दिवशी बोटाला लावायच्या त्या यंत्रात आकडा चौऱ्याण्णव होता, डॉक्टर म्हणाले होते, अजून उतरला तर घरी थांबू नका... सासूबाई आल्या, भिंत धरून उभ्या राहिल्या, तोंडातून शब्द फुटेना. आणि तुम्हाला सांगते, मी, जी बोलतच नाही, ती दोन्ही हातांनी दार बडवत किंचाळले, "अरे मेल्या, दार उघड!"

सासऱ्यांनी चष्मा काढला.

आणि दार उघडलं! कानांवर हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. "काय झालं? मीटिंग चालू आहे! आकडा? सत्त्याण्णव!" मागून लॅपटॉपमधून साहेब विचारतायत, "घरी सगळं ठीक ना?"

"मेल्या!" सासूबाईंना कंठ फुटला. "मेल्या, बायको दार फोडतेय आणि तू मीटिंग करतोस? मेली ती मीटिंग!" हसतायत काय, रडतायत काय... मीही भिंतीला टेकून रडले, म्हटलं, सुटलो एकदाचे!

कसलं काय! सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि वळल्या माझ्याकडे.

"आणि तू गं? नवऱ्याला अहो म्हणायचं. मेल्या म्हणायला त्याची आई आहे अजून!"

...म्हटलं, बरं.