मागच्या झाकणावरची अक्षरं

सन्माननीय अध्यक्षा पद्मावतीबाई, सत्कारमूर्ती एकनाथराव, सौ. भामाताई आणि दिलसुखनगरच्या या छोट्या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

टीप्... टीप्... टीप्. सत्तावन्न साली मास्तरांनी वर्गात रेडिओ आणून पहिल्या उपग्रहाचा हा आवाज आम्हांला ऐकवला. तास कवितेचा होता. भिंतीवरच्या नकाशात आमचं हैदराबाद राज्य नुकतंच तीन राज्यांत वाटलं गेलं होतं. आता पुन्हा वाटणी, आंध्र आणि तेलंगणाची. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या, पंखे, फायली वाटल्या, आणि एकनाथरावांचं नाव विजयवाड्याच्या यादीत निघालं. आपण काय करणार?

अंतराळाशी नातं सांगणारं जुनं घड्याळ कुठे आहे म्हटलं, की हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठतो. भामाताई हसताहेत, म्हणजे खरं आहे. त्यांचं सर्वांत लाडकं घड्याळ कुकटपल्लीच्या कारखान्यात आलेल्या एका रशियन इंजिनिअरने दिलेलं. माणूस प्रथम अंतराळात गेला तेव्हा तो त्या उड्डाणाच्या तळावर कामाला होता. मागच्या झाकणावर त्याचं नाव आणि ती तारीख, इतकी पुसट की फोटोत येत नसे, भिंगाखालीच दिसे. "मी चाललो, गुरुजी, घड्याळ तरी हैदराबादेत राहू दे," असं मला म्हणत त्यांनी ते इथल्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. सोमवारी तिथले लोक ती अक्षरं तपासायला येणार आहेत. सामान बांधताना हरवू नये म्हणून घड्याळ माझ्याकडे ठेवलं.

मला वाटलं, निरोपाला लखलखीत करून द्यावं. आबिड्सच्या कारागिराकडे दिलं. तो म्हणाला, "ऐसा चमकाया साब, नौशा दिखरा." खरंच नवरदेव दिसत होतं. घरी येऊन उलटं केलं. झाकण आरशासारखं. त्यात माझाच चेहरा.

एकनाथराव, बसा. भामाताई, त्यांना पाणी द्या. चार दिवस फोन उचलत होतो, ठेवत होतो. एकट्याने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो आहे. अक्षरं गेली. माझ्याकडे उपाय नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणातलं काही उणंअधिक पोटात घाला. घड्याळाची क्षमा मात्र मी कुणाकडे मागू...

दारात कोण? हणमंतराव? मंडळी, यांना आपण बोलावलं नव्हतं. घड्याळ बनावट आहे असं म्हणून यांनी अकरा वर्षांपूर्वी एकनाथरावांशी बोलणं सोडलं. पण तसं म्हणण्याआधी त्या अक्षरांवर तासभर भिंग लावून बसले होते.

हणमंतराव, आत या. अक्षरं खोटी होती असंच म्हणा हवं तर. पण होती, आणि काय होती, तेवढं सोमवारी संग्रहालयाला लिहून द्या.