कोनाड्यातलं तिसरं मत

सगळ्यांत आधी आली ती लेम्पी. हॉलचं कुलूपही निघालं नव्हतं आणि ही वेलचीचे पाव घेऊन पायरीवर उभी. मला म्हणते, "हिल्का, तू बोलणार? मग मी शाल आणते, संध्याकाळ होईल." लेम्पी, बस आता, सुरुवात करते.

गिरणीचे अध्यक्ष आदरणीय मार्ती, मंचावरची थोर मंडळी, समोर बसलेले माझे गाववाले, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा ते आपले इल्पो आणि सारा, सगळ्यांना माझा नमस्कार. शाळा मी सहा हिवाळे केली, तीही बर्फ जास्त पडला की बुडवून.

आपली गिरणी रानातल्या अळंब्यांनी लोकर रंगवते, हे काय सांगायचं? नोव्हेंबरात एका शनिवारी दहाच्या ठोक्याला ती वेबसाइटवर निघते आणि जगभरच्या विणणाऱ्या बायका एकदम दारावर धडकतात. विक्री सांभाळणाऱ्या एकट्या यंत्राचा त्या गर्दीत जीव जायचा. म्हणून या नवराबायकोने दोन यंत्रं जोडली, एक गिरणीत, एक तालुक्याला. दोघांकडे एकच यादी. इकडे एक लड विकली की तिकडेही लगेच खोडली जायची. मी तर थक्क झाले. आमच्या घरात दोन जावांना एक किराणा यादी सांभाळता आली नाही.

पण गेल्याच्या गेल्या वर्षी मधली तार तुटली. दोन्ही यंत्रांना वाटलं, दुसरा मेला. दोघंही विकत सुटले, आणि त्याच लडी दोन-दोन बायकांना गेल्या. तेव्हा मार्ती, तुम्ही याच हॉलमध्ये म्हणालात, "पुन्हा विक्री फसली तर गिरणीला टाळं." चौदा जणांची नोकरी होती. विसरला नाहीत ना?

मग सारा माझ्याकडे आली. म्हणाली, "हिल्काआजी, दोघांच्या भांडणात तिसरा हवा. या डबीत लोकर नाही, यादी नाही. ही फक्त मत देते." साबणाच्या वडीएवढी डबी. तळ्यापलीकडच्या माझ्या घरी तार वेगळ्या वाटेने येते, म्हणून मान मला. कोनाड्यात, मुरंब्याच्या बरण्यांशेजारी ठेवली. मी रोज तिला सुप्रभात म्हणायचे.

आता एक गोष्ट आजवर लपवली, ती सांगते. गेल्या विक्रीच्या सकाळी साडेनऊला माझ्याकडे नणंदा आल्या. पाहुणा दारात आणि कॉफी नाही, असं आपल्यात होतं का? माझ्या बैठकीच्या खोलीतलं दुसरं बटण बिघडलेलं. मी डबीची पिन काढली आणि कॉफीचं यंत्र लावलं. हो, मीच.

दोन मिनिटांत इल्पोचा फोन. "आजी, डबी ठीक आहे ना?"

"पुसतेय रे, धूळ बसली होती."

"बरं. पुसून झाली की लावा. कॉफी दहा वाजून गेल्यावर प्या."

लेकराला सगळं कळलं होतं, पण एका शब्दाने लाजवलं नाही. मी पिन लावली. नणंदा अर्ध्या कपावर राहिल्या, अजून बोलून दाखवतात.

दहा वाजून सात मिनिटांनी रस्ता खोदणाऱ्याने गिरणीची तार तोडली.

आणि काय झालं? काहीच नाही. तालुक्याच्या यंत्राला माझ्या डबीने मत दिलं, दोन मतं झाली, विक्री चालू राहिली. धापा टाकत, पण शेवटच्या लडीपर्यंत. गिरणीतलं यंत्र मात्र गप्प बसलं. साराने मला समजावलं, "त्याने पाहिलं, मी एकटाच पडलोय, म्हणजे चुकत असेन. मग थांबावं." दुपारी तार जुळली तेव्हा त्याने दुसऱ्याला विचारलं, मी नसताना काय काय झालं, आणि आपली यादी भरून घेतली. एक्याऐंशी वर्षांत इतका शहाणा माणूस मला भेटला नाही. मार्ती, तुम्ही हसू नका. डबी तेव्हा बंद असती, तर दोन्ही यंत्रं गप्प बसली असती आणि आज इथे टाळं असतं.

इल्पो, सारा, औलू शहरात राहायला जाताय, सुखाने जा. तुम्ही आमचं काम वाचवलंत आणि माझी अब्रूही. त्याचे आभार मानायला माझे शब्द तोकडे आहेत. मंडळी, तुम्ही ऐकलंत, उपकार झाले. बोलताना कुणाला टोचलं असेल तर म्हातारीच्या सुईचा दोष समजा.

दोघांनी विक्रीला यायचं कबूल केलंय. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. कॅलेंडरवर लिहिलंय. त्या दिवशी कॉफी चुलीवर होईल.