शेंडे मोडलेली भेंडी

भेंडी कोवळी आहे का बघायला लोक शेंडा मोडतात ना, तो प्रकार मला आता बघवत नाही. आमची संस्था गावातल्या बायकांची भाजी रत्नागिरीत आणून थेट गिऱ्हाइकाला विकते. शनिवारी हातखंब्याच्या सुगंधाकाकी स्वतःच्या परसातली भेंडी घेऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या. एक बाई आल्या आणि एकेक शेंडा काडकन मोडायला लागल्या.

"ताई, कोवळीच आहे," मी कसाबसा म्हणालो.

"मग बघून घेऊ नको होय?"

जवळजवळ सगळी टोपली मोडली आणि शेवटी दुधी घेऊन गेल्या! मोडलेल्या भेंडीला नंतर कोणी हात लावेना. काकींचा चेहरा मला बघवेना.

दुपारी त्याच बाई परत आल्या. घरी पाहुणे आले होते म्हणे, भेंडीच हवी होती. टोपली बघून त्यांनी नाक मुरडलं.

"शी! ही कोणी मोडून ठेवलीय? चांगली काढ."

काकी शांतपणे म्हणाल्या, "सकाळी चांगलीच होती गो बाय. शेंडे तुझ्याच हातचे."

माझे कान तापले होते. मी अख्खी टोपली तराजूत ओतली आणि म्हणालो, "ताई, पिशवी उघडा."