आजची संध्या, ए-विंगमधून

— नाही नाही, आवाज चढवू नका अभयराव, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इकडे, गॅलरीच्या दाराशी, इथून खाडीपर्यंत दिसतं. तुमी आल्या आल्या 'या वयात लाज वाटत नाही का' म्हणालात, ते ऐकलं मी. वाटते. मला लाज सगळ्याचीच वाटते, पंगतीत दुसऱ्यांदा भात मागायची पण वाटते. पण सूर्याचा फोटो काढायची कशाला वाटेल? पाणी खात्यात जन्म गेला माझा, कोणाच्या नळाकडे पण वाकड्या नजरेने बघितलं नाही — वेणू, पाणी आण गं यांना. आणि आतून हसू नको. तुमाला नाही हो, मला हसते ती. तुमी बेल वाजवल्यापासून हसते.

तर तुमचं म्हणणं काय, की हा ए-विंगचा सिताराम समोरच्या बी-विंगमधल्या तुमच्या मिसेसचे, म्हणजे संध्याताईंचे, फोटो काढतो आणि वर सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. असंच ना? मग हा कॅमेरा बघा. हातात घ्या, चावत नाही. खिशात मावतो एवढासा. आमच्या क्रांतीने दिला — मुलगी हो आमची, नावड्याला असते — म्हणाली, पप्पा, दिवसभर बातम्या बघून बीपी वाढवता, त्यापेक्षा हे घेऊन बसा. यात सूर्यास्ताचं वेगळं बटणच आहे. दाबलं की सगळं केशरी. एकदा ते बंद करायला विसरलो आणि झेंडावंदनाला कमिटीचा फोटो काढला — अख्ख्या कमिटीला कावीळ! चेअरमनच्या मिसेस दोन दिवस आरशात डोळे बघत होत्या. तर सांगायचं काय, की हौस आहे, बाकी काही नाही. रोज साडेपाचला इथे उभा राहतो. तुमाला वाटेल, सूर्य तो, त्यात रोज काय बघायचं? मला पण आधी असंच वाटायचं. पण नाही. एक फोटो काढून बटणावरचं बोट उचलावं तोवर तो दुसराच झालेला असतो. आधी पिवळाधमक, डोळ्यात खुपणारा — मग जरा नरमतो, मग खाडीवर सांडतो, आणि मग करावे गावाच्या मागे जो लाल होतो ना — दोन मिनिटं, बास. वीस-पंचवीस काढतो तेव्हा एक नीट येतो. तो ग्रुपवर टाकतो.

हो, 'आजची संध्या' असंच लिहितो. मीच लिहितो, नाही कुठे म्हणतो? पण का लिहितो ते विचारा ना! पहिल्यांदा मी सरळ 'आजची संध्याकाळ' लिहायचो. आता माझा मोबाईल जुना, तो मराठी शब्द कुठे पण तोडतो. वरच्या ओळीत 'आजची संध्या' आणि खालच्या ओळीत एकटाच 'काळ'. तळमजल्यावर यशोदाबाई नाहीत का, ऐंशीच्या पुढच्या — त्या तेव्हा नुकत्या हॉस्पिटलातून घरी आलेल्या. त्यांच्या मुलाचा मला फोन. म्हणे, काका, आई घाबरते हो, रोज दिवेलागणीला तिच्या मोबाईलवर काळ येतो. आता आमी काही शुभ-अशुभ मानणारी माणसं नाही. पण म्हातारीला कशाला टेन्शन द्या? म्हणून काळ काढून टाकला. राहिली संध्या. माणुसकीचं काम केलं हो मी, आणि तुमी कॉलर धरायला आलात — काय? मोठ्याने वाचू? वाचतो की. द्या तुमचा मोबाईल. लपवण्यासारखं काय आहे त्यात.

'आजची संध्या. कालपेक्षा जास्त लाल.' — बरोबर आहे, धूळ होती हवेत. 'आज संध्या ढगात होती. जराच दिसली, पण मन भरलं.' — हे, म्हणजे — ढग खरंच होते त्या दिवशी. 'संध्या रोज नवी दिसते. बायको म्हणते पुरे झालं, पण सवय सुटत नाही.' — अरे बापरे. 'ज्यांना संध्या जवळून बघायची असेल त्यांनी साडेपाचला आमच्याकडे यावं. चहा मिळेल.' — वेणू, हसू नको म्हटलं ना! अहो अभयराव, शपथेवर सांगतो, डोक्यातच आलं नाही माझ्या. संध्याताईंना मी संध्याताईच म्हणतो. नुसती संध्या म्हणजे वरची. आकाशातली. आता तुमच्या तोंडाकडे बघून वाचलं तेव्हा कुठे ऐकू आलं मला, कसं लागतं ते.

थांबा — म्हणजे ती जिमवाली पोरं? मी भाजी घेऊन आलो की गेटवर विचारतात, 'काका, आजची कशी?' आणि मी पिशवी खाली ठेवून सांगतो त्यांना, 'आज जरा फिकी होती, उद्या बघू.' ती हसत होती? माझ्यावर? हो, तुमच्यावर पण, कळलं ते मला, तुमी लिफ्टमध्ये ऐकलंत म्हणूनच तापून आलात. बरोबर आहे तुमचं. पण मला खरंच वाटलं होतं हो, लोकांना आवडतंय. इतकी वर्षं राहतो इथे, 'पाणी कधी येणार' सोडून मला कोणी काही विचारलं नव्हतं. वाईट वाटलं — जाऊ दे.

डिलीट करा म्हणता. सगळे? आणि रविवारी कमिटीत विषय घेणार, की सितारामने गॅलरीत कॅमेरा धरायचा नाही. घ्या. मी उठून माफी मागीन, सगळ्यांसमोर मागीन. पण गॅलरी नका बंद करू हो. संध्याकाळी मी करू काय मग? टीव्हीसमोर बसू? आणि एक सांगतो, सूर्य तुमच्या घरात मी नाही आणला. तो सरकतो. दसऱ्याला पाण्याच्या टाकीवर मावळत होता, दिवाळीत तुमच्या विंगमधल्या बाळाबाईंच्या वाळणावर, आता थंडी सुरू झाली तर तुमच्या गॅलरीशी आलाय. जरा दम धरा, संक्रांतीनंतर परत बाळाबाईंकडे जाईल, मग त्यांचा मुलगा येईल भांडायला.

बघा ना, तुमीच बघा कॅमेऱ्यात, हे बटण दाबत चला. सूर्य. सूर्य. हा पण सूर्य. हे माझं बोट. हा सूर्य. हे कोपऱ्यात — तुमचा कठडा आहे तो, मी काय कापून टाकू? नको नको, ते मोठं करायचं बटण आहे, ते नका — झालं. तुमीच केलंत मोठं, मी नाही. हां. संध्याताईच आहेत. पाठमोऱ्या. गेटकडे बघतायत. आणि ते कठड्यावर चहाचे कप. दोन आहेत, हो. दोनच असतात रोज. रोज म्हणजे — फोटोत येतं ना आपोआप, मी काय त्यांना ओरडून सांगू, कप उचला म्हणून?

दुसरा कप कोणाचा? अहो, असं काय विचारता! तोंड पांढरं पडलं की तुमचं. कोण येतं म्हणजे? कोणी येत नाही! तेच तर सांगतो — म्हणजे सांगणार नव्हतो, माझं काम नाही ते, वेणूने बजावलं होतं मला, लोकांच्या घरात तोंड घालू नका. अभयराव, तुमचा आहे तो कप. सूर्य पुरता बुडेपर्यंत थांबतात त्या, गेटकडे बघत, आणि मग एक रिकामा आणि एक भरलेला असे दोन्ही आत घेऊन जातात. मला कसं कळलं भरलेला ते? चालतात ना जपून, सांडू नये म्हणून. आणि ग्रुपवर माझ्या फोटोखाली पहिला निरोप कोणाचा येतो, ठाऊक आहे? तुमाला कसा दिसणार, तुमी ग्रुप म्यूट केलेला, आज उघडलात तो फक्त माझ्या ओळी शोधायला. संध्याताईंचा. 'काका, उद्या पण पाठवा.' अख्ख्या सोसायटीत मनापासून बघणारी तेवढी एकच बाई आहे. त्यात स्वतःचं नाव येतं ते तिला कळलं नसेल? कळलं असेल. पण बोलली नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

कॅमेरा ठेवा खाली. शिव्या द्या पाहिजे तर, मगाशी देत होतात ते बरं होतं. आज लवकर सुटलात ऑफिसातून — माझ्याशी भांडायला सुटलात, असूद्या, पण सुटता येतं म्हणजे. नाही, टोमणा नाही मारत. पाणी प्या.

अरे — उठा, उठा, आला बघा खाली. आज रंग बघा काय धरलाय! आणि त्या पण आल्या बाहेर. नाही, मी नाही बघत, मी डोळे मिटतो, तुमी बघा, तुमच्याच आहेत. दोन आहेत ना कप? मग इथे काय करताय, ए-विंगमध्ये? जा. डिलीट, कमिटी, सगळं रविवारी. चपला घाला, लिफ्टला थांबू नका, जिन्याने पळा, चहा गार होतोय. आणि ऐका — तिकडे गेलात की टाकीच्या बाजूला उभं राहून प्या. दोघांनी. खाडीकडची बाजू मला मोकळी पाहिजे.