तीन लिटरची पिचकारी

बस सौंसरहून सुटली, तसं मागच्या बाकावरचं बोलणं शकुंतलाच्या कानावर येऊ लागलं. एक तरुण मुलगी अन् एक वयस्क माणूस; दोघंही पांढुर्ण्याच्या छातीच्या दवाखान्यात कामाला.

“गुणवंताभाऊ, फुंकाच्या मशीनसोबत आलेली पिचकारी तुम्ही ढोराच्या दवाखान्यात काऊन देली?”

“एवढी मोठी पिचकारी माणसाची कशी राहीन, दामिनी? मले वाटलं, चुकून आपल्या खोक्यात आली.”

“अहो भाऊ, ते टोचाची नाही! तिच्यात मोजून तीन लिटर हवा मावते. रोज सकाळी तेवढी हवा मशीनमंधी सोडाची. मशीननं तीन दाखवले, तं मशीन खरी.”

“अन् नाही दाखवले तं?”

“काल बोरगावच्या ढोराच्या दवाखान्यातून ते पिचकारी मागून आणली. हवा सोडून पाह्यली. चार दाखवून राहिली मशीन.”

“तिनाचे चार?”

“हो. ज्याचा दम कमी, तोही पास.”

“अरे बापा! मशीन येऊन दोन वर्षं झाले ना वं. जिनिंगचे सारे मजूर याच मशीनवर फुंकून गेले. मीच म्हणो, जा, काही नाही झालं तुले.”

शकुंतलानं नवऱ्याला फोन लावला. तीनदा लावला, तेव्हा कुठं वामननं उचलला.

“अहो, कापसाच्या ढिगावरून खाली उतरा. आत्ताच घरी जा.”

“काऊन वं?” बोलता बोलता त्याला धाप लागली. “सकाळी तं तूच म्हणत होती, मशीननं पास केलं, आता ढोंगं बंद करा.”